सीट मऊ नको, मापाची हवी

वाचकाचे पत्र : माझे वय ५२, उंची पाच फूट पाच इंच, वजन ८४ किलो. दोन वर्षांपूर्वी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल घेतली. गावात फिरताना काहीही त्रास होत नाही. मात्र सांगलीहून गणपतीपुळ्याला निघालो, तेव्हा कोल्हापूर येईपर्यंत बूड बधिर झाले आणि आंबा घाट उतरताना प्रत्येक खड्ड्याला माकडहाडातून कळ येऊ लागली. पत्नी मागे बसते. ब्रेक लावला की ती माझ्या अंगावर घसरते आणि मग मीही टाकीवर सरकतो. येत्या कार्तिकी एकादशीनंतर मोटारसायकलवरून नर्मदा परिक्रमा करण्याचा आमचा संकल्प आहे. पत्नीची अट एकच आहे, आधी सीट, मग परिक्रमा. एक कारागीर दोन हजारांत जेल घालून सीट मऊ करून देतो म्हणतो. इंटरनेटवर सात हजारांची तयार टूरिंग सीट दिसते. मित्र हवेची गादी घ्यायला सांगतो. जेल घ्यावे, मेमरी फोम घ्यावा की हवेची गादी?
– एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार,

आपण विचारलेल्या पर्यायांपैकी एकावर बोट ठेवणे मला सोपे होते, परंतु त्यात आपले हित झाले नसते. कारण जेल, मेमरी फोम आणि हवा ही तिन्ही उत्तरे ‘सीट कडक आहे’ या एकाच समजुतीवर उभी आहेत, आणि आपण केलेले वर्णन वाचल्यावर मला ती समजूतच खरी वाटत नाही. कडक फळकुटावर बसणाऱ्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच ते जाणवू लागते. आपल्याला मात्र तासाभराने, कोल्हापूरच्या आसपास पोहोचल्यावर जाणवले. याचा बहुधा अर्थ असा की, आपल्या सीटचा फोम आरंभी आपले वजन पेलतो, हळूहळू दबत जातो आणि अखेरीस आपली हाडे खालच्या बेसला जवळजवळ टेकतात. त्या स्थितीत घाटातला खड्डा आला की दणका फोममध्ये न जिरता थेट पाठीच्या कण्यात पोहोचतो. अशा सीटवर आणखी मऊ थर चढवला, तर कोल्हापूरऐवजी फार तर मलकापूरपर्यंत सुखाने जाता येईल.

मी स्वतः हीच चूक केली होती, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानात सीट बदलून घेतली. अंगठा रुतवून पाहिला तेव्हा ती लोण्यासारखी वाटली आणि मी खूश झालो. पुढच्याच आठवड्यात लांबच्या वाटेवर शंभर किलोमीटर होण्याआधीच मला त्या लोण्याखालच्या प्लास्टिकच्या कडा मोजता येऊ लागल्या. कारागिराने मी मागितले तेच दिले होते. मागणीच चुकीची होती.

बसलेल्या माणसाचा भार कोठे पडतो, हे आधी पाहू. पाठ सरळ ठेवून बसल्यावर कमरेखालच्या हाडांच्या तळाशी असलेले दोन उंचवटे आपले बहुतेक वजन उचलतात. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. भार घेण्यासाठीच ती घडलेली असल्याने त्यांच्याखाली घट्ट आणि पुरेसा रुंद आधार असला, तर माणूस बराच वेळ बसू शकतो. सीट फार मऊ असली की ही हाडे आत रुततात, त्यांच्या आजूबाजूचे मांस आणि मधला नाजूक भाग वर दाबला जातो, तेथील रक्तप्रवाह मंदावतो, नसांवर ताण येतो आणि बधिरपणा सुरू होतो. माकडहाडाची गोष्ट वेगळी आहे. सरळ बसलेल्या माणसाचे माकडहाड सीटला फारसे टेकतच नाही. पाठीला पोक आला, कंबर मागे कलंडली, की त्यावर भार येतो. हँडल लांब पडत असेल, किंवा सीटच्या उतारामुळे सतत पुढे सरकून टाकीला चिकटल्यावर शरीर आपोआप मागे रेलत असेल, तर असे होते. आपल्या पत्रात बधिरपणा आणि माकडहाडाची कळ अशा दोन्ही तक्रारी आहेत. म्हणजे आपल्याकडे फोमचा दोष आणि आकाराचा दोष असे दोन दोष एकत्र आहेत, आणि माझ्या मते त्यांपैकी आकाराचा दोष मोठा आहे.

म्हणून कारागिराकडे जाण्यापूर्वी घरी एक माप घ्यावे. पन्हळीचा जाड पुठ्ठा, म्हणजे खोक्याचा असतो तसा, जिन्याच्या दगडी पायरीवर ठेवावा, पातळ कपड्यांत त्यावर पाठ सरळ ठेवून बसावे, पाय खालच्या पायरीवर घ्यावेत आणि मिनिटभर न हलता बसून उठावे. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर पट्टीने मोजावे. हे अंतर साधारणपणे दहा ते चौदा सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. स्त्रियांमध्ये ते सरासरीने थोडे अधिक असते. सायकलचे सीट निवडताना वापरली जाणारी ही जुनी युक्ती आहे. आता गाडीवर नेहमीच्या जागी बसून कोणाला तरी आपल्या दोन्ही बाजूंना खडूने खूण करायला सांगावी आणि ते मोजलेले अंतर, शिवाय दोन्ही बाजूंना निदान चार-चार सेंटिमीटर, एवढी सपाट जागा त्या ठिकाणी आहे का, ते पाहावे. अनेक गाड्यांची सीट मध्यभागी फुगीर आणि कडांना उतरती असते, त्यामुळे हाडे उतारावर पडतात आणि भार मधल्या भागावर येतो. आपल्या गाडीतही तसेच आढळले, तर निम्मे निदान झाले.

उरलेले निम्मे निदान उताराचे आहे. मोबाइलमधील पाणसळ वापरून किंवा गवंड्याची छोटी पाणसळ सीटवर ठेवून उतार पाहता येतो. मात्र गाडी मेन स्टँडवर उभी करून घेतलेले माप फसवे असते, कारण दोघे बसल्यावर गाडीचा मागचा भाग खाली जातो. त्यामुळे गाडी जमिनीवर सरळ धरायला एक मदतनीस घ्यावा, आपण दोघांनी आपापल्या जागी बसावे आणि सीटच्या कडेला समांतर पाणसळ धरून पाहावे. त्या अवस्थेतही सीट पुढे उतरती असेल, तर आपण टाकीवर सरकता आणि आपली पत्नी आपल्यावर सरकते, यात ब्रेकचा दोष नाही. चालकाची बैठक जवळजवळ सपाट किंवा किंचित मागे झुकलेली असावी. किंचित म्हणजे खरोखरच किंचित; उतार मागे जास्त दिला, तर कंबर पुन्हा मागे कलंडते आणि आपण जेथून निघालो तेथेच परत येतो.

सीटला हात लावण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. ती फुकट आहे आणि बहुतेक जण विसरतात. मागच्या दोन्ही शॉकॲब्सॉर्बरवर प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याचे, टप्पे असतात. गाडी सहसा एकट्या स्वाराच्या मानाने सोडलेली असते. आपण ८४ किलोचे, मागे पत्नी, शिवाय परिक्रमेचे सामान. एवढ्या वजनाने स्प्रिंग आधीच खूप दबलेली असते आणि खड्ड्यात ती तळाला जाऊन आपटते. तो दणका आपण सीटच्या खात्यावर लिहितो. गाडीच्या पुस्तिकेत दोघांसाठी सांगितलेला टप्पा दोन्ही बाजूंना सारखाच लावून घ्यावा, टायरमधील हवाही दोघांच्या वजनासाठी सांगितलेल्या मापाने भरावी आणि तोच आंबा घाट पुन्हा एकदा उतरून पाहावा. कदाचित माकडहाडाची कळ बरीच कमी झालेली आढळेल. तशी ती झाली, तरी आकाराचे काम करावेच लागेल. फक्त किती करावे लागेल ते नीट समजेल.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो.

जेलविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. जेल दाब पसरवते आणि बारीक थरथर थोडी शोषते, हे खरे. परंतु ते जड असते, त्यातून हवा खेळत नाही आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या सीटमधील जेल तापले की लवकर निवत नाही. चहासाठी अर्धा तास थांबून परत बसणाऱ्याला तव्यावर बसल्याचा अनुभव येतो. शिवाय स्थानिक दुकानांत बहुधा जेलची पातळ चकती मूळ फोममध्ये खाच पाडून बसवतात. ती खाच बैठकीच्या हाडांच्या नेमक्या खाली आली नाही, तर हाड जेल आणि फोम यांच्या सांध्यावर टेकते, आणि तो सांधा दिवसभर टोचत राहतो.

मेमरी फोम घरातल्या गादीत शोभतो. तो तापमानानुसार वागणे बदलतो; गारठ्यात ताठ होतो आणि अंगाच्या व उन्हाच्या उष्णतेने मऊ पडतो. परिक्रमेच्या वाटेवरचे अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. मार्गशीर्षातल्या पहाटे तेथून निघालात, तर ती सीट लाकडासारखी वाटेल आणि दुपारी मैदानात उतरल्यावर तीच सीट चिखलासारखी होईल. शिवाय हा फोम दबल्यावर सावकाश वर येतो. पाठोपाठ खड्डे आले, तर त्याला पूर्ववत होण्यास सवडच मिळत नाही. अगदी वरचा एक सेंटिमीटरचा थर त्याचा असायला हरकत नाही, त्याहून जास्त नको.

हवेच्या गादीबद्दल मात्र आपल्या मित्राचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. एकमेकांना जोडलेल्या लहान लहान कप्प्यांची ही गादी मुळात चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्या रुग्णांना दाबाच्या जखमा होऊ नयेत, या विचारातून आलेली आहे, आणि दाब सारखा वाटण्यात ती वाकबगार आहे. लोक तिच्यात हवा ठासून भरतात आणि मग ती फुग्यासारखी डुगडुगते, अशी तक्रार करतात. ती जेमतेम भरायची असते, म्हणजे बसल्यावर हाडे आणि सीट यांच्यात बोटभर अंतर उरले पाहिजे. तरीही वळणावळणाच्या घाटात तिच्यावर बसून गाडी झुकवताना थोडे अधांतरी वाटतेच, आणि मागे बसणाऱ्याने तर ती वापरू नये, असे माझे मत आहे. चालकासाठी सपाट महामार्गावर सोबत ठेवण्याची वस्तू म्हणून ती चांगली. सीटच्या चुकीच्या आकारावर मात्र तो इलाज नव्हे. उतार चुकलेला असेल, तर गादीसकट पुढे घसराल.

सात हजारांच्या तयार सीटविषयी थोडक्यात सांगतो. ती आपल्याच मॉडेलसाठी आणि आपल्याच वर्षाच्या गाडीसाठी बनलेली असेल, बेस आणि लॉक मूळ जागी बसत असतील आणि न आवडल्यास परत घेण्याची लेखी हमी असेल, तरच विचार करावा. परंतु ती कोणा सरासरी माणसासाठी कापलेली असते. आपला पुठ्ठा त्या कारखान्याने पाहिलेला नसतो.

अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची लांब पल्ल्याच्या मोटारसायकलस्वारांची एक संस्था आहे. तिच्या नावाचा सरळ अर्थ ‘लोखंडी बूड’ असा होतो आणि चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटर, गाडी चालवणाऱ्यांना ती प्रमाणपत्र देते. आपण त्या वाटेला जाऊ नये, हे सांगायला नकोच. परंतु अशा लोकांच्या सीट पाहिल्या, तर त्या सोफ्यासारख्या गुबगुबीत नसतात. रुंद, घट्ट आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कड न लागेल अशा घडवलेल्या असतात. हे काम सांगली-कोल्हापूरकडील कारागिराला अवघड नाही. रिक्षाचे हूड आणि ट्रकची सीट शिवणारे हात फोम चांगला ओळखतात. अडचण एवढीच असते की, गिऱ्हाईक येऊन ‘जरा मऊ करून द्या’ एवढेच सांगते.

तर काय सांगावे ते लिहितो.

पहिली गोष्ट, मूळ सीट तशीच कपाटात ठेवावी. डीलरकडून किंवा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आपल्याच मॉडेलची दुसरी सीट मिळवून तिच्यावर काम करावे. बिघडले तरी परतीचा मार्ग राहतो, आणि उद्या गाडी विकायची झाली तर मूळ सीट हाताशी असते.

कारागिराला ‘मऊ’ हा शब्द उच्चारू नये. फोमची डेन्सिटी विचारावी. चाळीस डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला चाळीस किलो. डेन्सिटी हे टिकाऊपणाचे माप आहे; तो किती कडक लागतो हे वेगळे, एकाच डेन्सिटीचे दोन फोम हाताला वेगवेगळे लागू शकतात. त्यामुळे आकड्यावर न थांबता फोमचा तुकडा दुकानातल्या लाकडी बाकावर ठेवून त्यावर प्रत्यक्ष वीस मिनिटे बसावे. चहा मागवावा, गप्पा माराव्यात. बाक हाडांना लागू लागला, तर तो तुकडा बाद. आपल्या वजनाला माझ्या मते पुढील रचना मानवेल. बैठकीच्या भागातील मूळ फोम सुमारे तीन सेंटिमीटर कातून काढावा, मात्र खाली निदान तेवढाच शिल्लक राहिला पाहिजे. त्यावर शंभरच्या आसपास डेन्सिटीचा रिबॉण्डेड फोम, म्हणजे रंगीबेरंगी तुकडे दाबून बनवलेला, दोन सेंटिमीटर द्यावा; त्यावर चांगल्या प्रतीचा, चटकन वर येणारा पन्नास डेन्सिटीचा फोम दोन सेंटिमीटर; आणि सर्वांत वर एक सेंटिमीटरचा मऊ थर, तोही केवळ शिवणी आणि कडा अंगाला लागू नयेत म्हणून. दोन्ही बाजूंना रुंदी वाढवताना जे पंख द्यावे लागतात, ते पूर्णपणे रिबॉण्डेड फोमचेच असावेत, नाहीतर महिन्याभरात ते कुत्र्याच्या कानासारखे खाली पडतात.

या रचनेत उंची सुमारे दोन सेंटिमीटरने वाढेल, आणि आपल्या उंचीच्या माणसाला ती जाणवेल. रुंदी वाढल्याने पाय फाकतात व जमीन आणखी थोडी लांब जाते. यावर उपाय असा की, रुंदी फक्त हाडांच्या जागी वाढवावी आणि त्यापुढे, जेथे मांड्या खाली उतरतात, तेथील दोन्ही कडा तिरप्या छाटून सीटचे पुढचे टोक अरुंद करावे. सिग्नलला दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकले पाहिजेत. मागे माणूस आणि सामान असताना पाय अधांतरी राहणे ही गैरसोयीची नव्हे, धोक्याची गोष्ट आहे. त्यात तडजोड करायची वेळ आली, तर आराम थोडा कमी करावा.

चालकाच्या मागे आधाराला उंचवटा हवा, परंतु खोल वाटी करू नये. दुकानात त्या वाटीत बसल्यावर फार छान वाटते. प्रवासात मात्र ती आपल्याला एकाच जागी जखडून ठेवते. दर थोड्या वेळाने बोटभर पुढे-मागे सरकता येणे, हे लांबच्या प्रवासातील निम्मे औषध आहे.

पत्नीच्या जागेकडे आपण पत्रात एका वाक्यात पाहिले आहे. मला तिकडे जास्त लक्ष द्यावेसे वाटते. मागे बसणारी व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकावर बसलेली असते, त्यामुळे चाकाचा प्रत्येक दणका तिला आपल्याहून अधिक बसतो. आपण हँडल धरून आणि पुढचा खड्डा पाहून अंग सावरता. तिला तो खड्डा लागल्यावरच कळतो. असे असूनही बहुतेक गाड्यांत तिच्या वाट्याचा फोम चालकाच्या फोमहून पातळ आणि जागा अरुंद असते. तिच्या बैठकीचा पुढचा भाग थोडा उचलून ती सपाट करावी, म्हणजे ब्रेकला होणारी घसरण कमी होईल. रुंदी तिच्या पुठ्ठ्याच्या मापाने द्यावी. पाठीला टेकण्याची सोय करणार असाल, तर ती सीटला किंवा रॅकला कोठेतरी अडकवलेली नसावी, मूळ चौकटीच्या बोल्टवर घट्ट बसलेली असावी, कारण झटका बसल्यावर त्या पट्टीवर पूर्ण शरीराचा भार येतो.

येथे कायद्याची एक बाब येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी कायमस्वरूपी हातपकड, पाय ठेवण्याची सोय आणि मागचे चाक निदान निम्मे झाकणारे संरक्षक असलेच पाहिजे. काही गाड्यांत हातपकड म्हणजे सीटवरचा पट्टाच असतो, आणि नवे कव्हर शिवताना कारागीर तो ‘दिसायला बरा नाही’ म्हणून काढून टाकतात. तसे होऊ देऊ नये. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ अनुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. फोम आणि कव्हर बदलल्याने तसा तपशील बदलत नाही. मात्र दोघांची गाडी एकासनी करून टाकली, तर आसनसंख्येचा प्रश्न उभा राहतो. आपला तसा विचार नाहीच, तरीही कारागीर उत्साही असतात म्हणून लिहिले.

आता कामाची पद्धत. बहुतेक लोकांची सीट येथेच बिघडते. फोमला आकार देऊन झाल्यावर कारागीर लगेच रेक्झिन ताणून पिना मारू लागतो. त्याला तेथे थांबवावे. फोमवर जुन्या बनियनचे किंवा ताणल्या जाणाऱ्या कापडाचे तात्पुरते वेष्टन घालून, ते खालून चिकटपट्टीने बांधून, सीट गाडीला बसवावी आणि दोघांनी पन्नास-साठ किलोमीटर फिरून यावे. परत आल्यावर कोठे रुतते, कोठे टोचते, ते खडूने फोमवरच दाखवावे आणि तेवढेच घासून किंवा भर घालून घ्यावे. अशा दोन फेऱ्या तरी व्हाव्यात. कारागिराला या वेळेचे वेगळे पैसे आधीच कबूल करावेत, म्हणजे तो कंटाळत नाही. कोणत्याही महागड्या जेलपेक्षा या फेऱ्यांवर केलेला खर्च अधिक कामी येतो.

कव्हर शिवताना शिवण किंवा पायपिंग बैठकीच्या हाडांखाली किंवा नेमके मध्यावर येता कामा नये. ती कडांना न्यावी. रेक्झिन फार गुळगुळीत नसावे आणि फार ओढूनही बसवू नये. ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले कव्हर खालच्या उत्तम फोमलाही काम करू देत नाही, आणि मग लोक फोमला नावे ठेवतात. थर चिकटवताना डिंकाचा पातळ हात द्यावा, विशेषतः बैठकीच्या मध्यभागी गोळे राहू नयेत, कारण वाळलेला डिंक खड्यासारखा लागतो. शिवणीतून पाणी आत जातेच, म्हणून रेक्झिनखाली पातळ प्लास्टिकचा कागद घालावा आणि बेसला पाणी निथळण्याची भोके उघडी आहेत का ते पाहावे. पिना न गंजणाऱ्या असाव्यात. सीट परत बसवल्यावर बेसखालचे रबरी बुश जागेवर आहेत, लॉक नीट बसते आणि खाली एखादी वायर चेपली जात नाही, एवढे स्वतः डोळ्यांनी पाहावे.

वेळापत्रकाबाबत सांगायचे तर, सध्याचे पावसाळी दिवस निदान आणि मापे घेण्यासाठी वापरावेत. दमट हवेत डिंक सावकाश वाळतो, म्हणून चिकटवण्याचे काम उघडीप पाहून करावे आणि त्यानंतर निदान एक पूर्ण दिवस सीट उघड्या हवेत ठेवावी. कव्हर मात्र पाऊस संपण्यापूर्वी घालून घ्यावे. पाणी आत जाते की नाही, हे सांगणारा परतीच्या पावसासारखा परीक्षक नाही. नवा फोम बसायला तीन-चारशे किलोमीटर जातात, म्हणून सीट दसऱ्यापर्यंत तयार असावी आणि दिवाळीपूर्वी मिरज-सांगोला मार्गे पंढरपूरला जाऊन त्याच दिवशी परतावे. ही परीक्षा दोघांनी, परिक्रमेला नेणार तेवढेच सामान बांधून द्यावी. त्या दिवशी जाड शिवणीची जीन्स घालू नये. अनेकदा सीटवर ढकललेला दोष विजारीच्या शिवणीचा असतो.

परिक्रमेत दिवसाला किती किलोमीटर जायचे, हे आपण लिहिलेले नाही. सीट कितीही चांगली झाली, तरी तासाभराने उतरून पाच मिनिटे चालावे, हे मी सर्वांनाच सांगतो. मोकळा सरळ रस्ता असेल तेव्हा आपण पाय ठेवण्याच्या दांड्यांवर जोर देऊन क्षणभर उचलले जाऊ शकता. मागे बसलेल्या व्यक्तीला तेही करता येत नाही, म्हणून थांबा केव्हा घ्यायचा हे आपल्या पत्नीने ठरवावे.

एक गोष्ट सीटच्या कक्षेबाहेरची आहे. गाडीवरून उतरल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बधिरपणा जात नसेल, कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरत असेल, किंवा खुर्चीत बसूनही माकडहाड दुखत असेल, तर कारागिराआधी अस्थिरोगतज्ज्ञांना भेटावे. लघवी किंवा शौचावरील नियंत्रणात काही फरक जाणवला, तर त्याच दिवशी भेटावे.

कारागिराकडे जाताना पुठ्ठे दोन न्यावेत, आणि दोन्हींवर नावे घालावीत. आपल्या पुठ्ठ्यावरची आणि पत्नीच्या पुठ्ठ्यावरची मापे सारखी निघण्याची शक्यता कमी आहे. पत्नीलाही सोबत न्यावे, आणि बाकावर फोमच्या तुकड्यावर बसून चहा घेण्याची पहिली पाळी त्यांची असावी.